गोळ्यांनाही आडनावं असतात, ती पाकिटावर दिसू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला आडनावांवरचा लेख वाचला, आवडला, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजून तीच चर्चा चालू आहे, जो तो आपलं आडनाव कुठल्या गावावरनं आलं ते सांगत सुटलाय. मी मिरजेत मेडिकल चालवतो, सगळं आयुष्य काउंटरच्या मागं गेलं, म्हणजे आडनावं आणि औषधं या दोनच गोष्टी दिवसभर डोळ्यासमोर. त्या लेखाच्या निमित्तानं एक विषय डोक्यात आला तो लिहितोय, जरा लांबलं तर कात्री लावा पण मागणीचा भाग तेवढा ठेवा.

आपल्याकडं माणसाचं आडनाव ऐकलं की आपण आधी त्याचं शेपूट बघतो. 'कर' आला की गाव शोधायचं, 'दार' आला की कुणीतरी पूर्वज किल्ल्यावर नाहीतर इनामावर होता, 'नीस' आला की घरात कधीकाळी लेखणी होती, कारण हा 'नीस' म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस सगळे एकाच शेपटीचे. आणि हे काही दगडावरची रेघ नव्हतं, नाना फडणवीस मूळचे भानू, शिवाजी महाराजांचे बाळाजी आवजी चिटणीस मूळचे चित्रे, हुद्दा मिळाला आणि हुद्दाच आडनाव होऊन बसला. दीनानाथांनी तर मंगेशी गावावरनं मंगेशकर लावलं, घरचं हर्डीकर मागं पडलं. आमच्या मिरजेत कर्नाटकातनं रोज पेशंट येतात, त्यांच्यात 'नवर' शेपटीची आडनावं, तेही म्हणजे अमक्याच्या घरचे असंच. बिलावर नाव लिहिता लिहिता हे सगळं आपोआप कळायला लागतं, कुणी शिकवावं लागत नाही.

आता सांगायचं म्हणजे औषधांचंही सेम असंच आहे, फक्त ते कुणी सांगत नाही.

स्ट्रिपवर पटकन डोळ्यात भरतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव, ब्रँड. ते म्हणजे बंड्या, पिंट्या, बाळासाहेब, घरच्यांनी लाडानं हाक मारायचं नाव, त्यावरनं घराणं कळत नाही. खरं नाव त्याच्या आसपास कुठंतरी असतं, आम्ही त्याला कंटेंट म्हणतो, काही लोक सॉल्ट म्हणतात. त्या कंटेंटच्या नावाला शेपूट असतं आणि ते जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिलेलं असतं. १९५० ला त्यांनी ठरवलं की जगभर एका औषधाला एकच नाव पाहिजे, १९५३ ला पहिली यादी निघाली, तेव्हापासून हे काम चालूच आहे. एकदा बघून घ्या म्हणजे घरातल्या गोळ्या ओळखू येतील. ओलॉल शेवटी असलेली, प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, ही बीटा ब्लॉकर घराण्यातली, नाडीचा वेग कमी करणारी. प्रिल आणि सार्टन बीपीची, पण दोन वेगळी घराणी, एनालाप्रिल रामिप्रिल एकीकडं, लोसार्टन टेल्मिसार्टन दुसरीकडं. डिपिन पण बीपीचीच, अम्लोडिपिन तर घरोघरी आहे. स्टॅटिन कोलेस्टेरॉलची, प्राझोल पित्ताची, ग्लिप्टिन शुगरची, फ्लॉक्सासिन अँटिबायोटिक. एवढी सात आठ शेपटं पाठ असली की चाळिशी पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही घरातला औषधाचा डबा अर्धा तरी वाचता येतो.

आणि 'कर' म्हणाल तर ते पण आहेत! वॉरफारिन नावाची रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यातला वॉर्फ म्हणजे विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेची आद्याक्षरं, विस्कॉन्सिन हे अमेरिकेतलं राज्य. (ही गोळी १९४८ ला बाजारात आली ती उंदीर मारायला, माणसांसाठी मान्यता मिळाली १९५४ ला. हे पेशंटला मी सांगत नाही, गोळी घ्यायचा बंद होईल.) निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध १९५० ला न्यूयॉर्क स्टेटच्या आरोग्य खात्याच्या दोन बायकांनी शोधलं, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन, आणि नाव ठेवलं न्यूयॉर्क स्टेटवरनं, म्हणजे सरळ न्यूयॉर्ककर. जखमेवर लावायच्या मलमात बॅसिट्रासिन असतं, त्याचं मागचं अर्धं नाव एका मुलीच्या आडनावावरनं, ट्रेसी, कारण तिच्याच जखमेतनं घेतलेल्या जंतूंतनं ते मिळालं. आहे की नाही, औषधात चक्क आडनाव. आणि आपला माणूस म्हणाल तर हॅमायसिन. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलं, तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या एच आणि ए वरनं नाव, आणि ज्या जंतूपासनं ते बनतं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचा जंतू! हा कारखाना १९५४ चा, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला, आज त्याच्यावरनं रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल शंका आहे. आडनावांच्या लेखात पिंपरीकर येतात तर या पिंपरीकराला पण एक ओळ मिळायला हरकत नव्हती.

पण संपादक साहेब, शेपटावर आंधळा विश्वास पण ठेवता येत नाही आणि इथंच माझा खरा मुद्दा सुरू होतो. वर सांगितलेलं निस्टॅटिन बघा, शेवटी स्टॅटिन आहे पण कोलेस्टेरॉलशी त्याचा काही संबंध नाही, ते बुरशीचं औषध, पहिलं कोलेस्टेरॉलवालं स्टॅटिन बाजारात आलं १९८७ ला, तोपर्यंत हे नाव वापरून जुनं झालेलं. ॲरिपिप्राझोल वाचून कुणालाही वाटेल पित्ताची गोळी, पँटोप्राझोलची भावकी असणार, तर ती मानसिक आजाराची. आडनावांत पण हेच नाही का. पाटील मराठ्यात आहेत, आगरी कोळ्यांत आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांत आहेत. देशमुख किती समाजांत आहेत मोजा. गायकवाड, जाधव, पवार, मोरे, नुसत्या आडनावावरनं काय कळणार, आणि तरी आपल्याकडं खोड अशी की नाव ऐकलं की पुढचा प्रश्न, कुठले हो तुम्ही, म्हणजे कुठल्या गावचे ते नाही, कुठले ते. काउंटरवर उभं राहून हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आडनाव हा हुद्दा होता, गाव होतं, कधी कुणी चेष्टेनं ठेवलेलं नाव होतं, त्यातनं माणसाची जात काढायचा धंदा बंद झाला तर बरं, असो, तो वेगळा विषय.

औषधवाल्यांनी मात्र यावर तोडगा काढलाय. नॉर्वेत ओस्लोला १९८२ पासनं जागतिक आरोग्य संघटनेचं एक केंद्र आहे, तिथं प्रत्येक औषधाला सात अक्षर-आकड्यांचा कोड देतात, त्याला एटीसी कोड म्हणतात. टपालाच्या पत्त्यासारखा आहे तो, जिल्हा, तालुका, गाव, आळी, घर नंबर. मेटफॉर्मिन घ्या, शुगरवाल्या प्रत्येकाला माहिती. तिचा कोड ए-१०-बी-ए-०२. ए म्हणजे पचनसंस्था आणि चयापचय, १० म्हणजे डायबेटिसची औषधं, बी म्हणजे इन्सुलिन सोडून रक्तातली साखर कमी करणारी, पुढचा ए म्हणजे बिग्वानाइड नावाचं घराणं, आणि ०२ म्हणजे स्वतः मेटफॉर्मिन. असे चौदा मोठे गट, सी हृदय आणि रक्तवाहिन्यांचा, जे जंतुसंसर्गाचा, एन मेंदू मज्जासंस्थेचा, आर श्वासाचा वगैरे. पॅरासिटामॉल एन-०२-बी-ई-०१, तुमच्या घरात ज्या ब्रँडचं असेल त्या ब्रँडचं, कोड तोच. अम्लोडिपिन सी-०८-सी-ए-०१. जर्मनीत घ्या नाहीतर जयसिंगपुरात.

गंमत म्हणजे एका औषधाला कधी कधी एकाहून जास्त कोड असतात आणि ते मुद्दाम असतात. ॲस्पिरिन घ्या. दुखण्यासाठी घेतली तर एन-०२-बी-ए-०१, हार्टवाल्याला रक्ताची गाठ होऊ नये म्हणून बारीक डोसमध्ये दिली तर बी-०१-ए-सी-०६, शिवाय तोंडातल्या वापरासाठी ए मध्ये तिसरा. कोड औषधाच्या जन्मावर नाही, कामावर दिलेला असतो. आता माझं असं मत की हे आडनावापेक्षा शहाणपणाचं आहे, निदान माणूस आत्ता काय करतो त्यावरनं तरी त्याची नोंद होते, खापरपणजोबा कुठल्या दप्तरात लिहायला बसायचे त्यावरनं नाही.

हे सगळं पुस्तकी वाटेल म्हणून काउंटरवरचं सांगतो. परवाच्या पावसाळ्यात शिरोळकडच्या एक बाई सासऱ्यांना घेऊन आल्या, आजोबांना सकाळी अंथरुणातनं उठलं की गरगरायचं, भिंत धरून बाथरूमला जायचे. बाईंनी कॅरीबॅग काउंटरवर पालथी केली. त्यात एक पांढरं पाकीट आणि एक निळं.

"ही जुन्या डॉक्टरांची आणि ही ॲडमिट होते तिथली, डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेली. दोन्ही बीपीच्याच आहेत ना?"

मी म्हटलं, "ताई, आजोबा दोन्ही घेतात?"

"हो, एक सकाळी उठल्या उठल्या, एक नाश्ता झाल्यावर. दोन डॉक्टरांनी दिलेल्या, मग एक कशी बंद करायची?"

आजोबा मध्येच म्हणाले, "मी तिला सांगत होतो, दोन्हीची चव सारखीच लागतीय." आम्ही हसलो पण म्हातारा बरोबर होता. पांढऱ्यावर लिहिलेलं टेल्मिसार्टन ४०. निळ्यावर टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५. दोन ब्रँडच्या नावात एक अक्षर सारखं नाही, रंग वेगळा, आकार वेगळा, आणि आत तेच सार्टन दोनदा. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच एक बंद करायला सांगितली, मला विचारलं तर कार्डावर कंटेंट लिहिलेला असता तर जुन्या डॉक्टरांच्या गोळीशी ताळा घरीच लागला असता, पण कार्डावर नुसता ब्रँड, तोही धावत्या अक्षरात. कुठल्या दवाखान्याचं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण असली कार्डं सगळीकडची येतात.

आता इथं कोड असता तर काय झालं असतं? साध्या टेल्मिसार्टनचा कोड सी-०९-सी-ए-०७, अम्लोडिपिनबरोबर असेल तर सी-०९-डी-बी-०४. म्हणजे पूर्ण सारखा नाही, पण सुरुवातीचं सी-०९ सारखं. औषधाचा ओ की ठो न कळणारी सून पण एवढं बघू शकते की दोन्ही पाकिटांवर पहिली तीन अक्षरं तीच आहेत, मग विचारावं. कधी कधी डॉक्टर एकाच गटातल्या दोन मुद्दाम देतात, त्यामुळं घरच्या घरी गोळी बंद करायची नाही, पण विचारायला कारण तर मिळतं.

नावातला घोळ हा काही माझ्या दुकानापुरता नाही, हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. २००१ चा निकाल, कॅडिला हेल्थकेअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स, दोन्हीकडं कॅडिलाच, एकाच जुन्या कंपनीच्या वाटण्या झाल्यावरचे भाऊबंद. एकाच्या औषधाचं नाव फाल्सिगो, दुसऱ्याचं फाल्सिटॅब. दोन्ही मेंदूत जाणाऱ्या मलेरियावरची, दोघांनी नाव उचललं त्या मलेरियाच्या फाल्सिपेरम जंतूवरनं, पण आतलं औषध वेगळं, एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. कोर्टानं सांगितलं की साबण, बिस्किटाच्या नावातल्या गोंधळापेक्षा औषधाच्या नावातला गोंधळ जास्त कडक नजरेनं बघायला पाहिजे, कारण इथं माणसाचा जीव जातो. हेच दोन कोडनं बघा, पी-०१-बी-ई-०३ आणि पी-०१-बी-सी-०२. जिल्हा, तालुका सारखा, आळी वेगळी, वाद मिटला.

आणि आडनावं आणि औषधं यांचा संबंध मी ओढूनताणून लावतोय असं वाटत असेल तर हे बघा. अमेरिकेत १९१८ ला रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं आडनावांना उच्चारावरनं कोड द्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, पुढं त्यातनं साउंडेक्स म्हणून पद्धत रूढ झाली आणि तिथल्या जनगणनेच्या याद्या त्यावर लावल्या, कारण एकच आडनाव दहा जण दहा स्पेलिंगनं लिहायचे. पहिलं अक्षर आणि पुढं तीन आकडे. मी आपली आडनावं त्यात घालून बघितली, इंग्रजी स्पेलिंगनं पवार आणि पोवार दोन्ही पी-६००, बरोबर, पण पोरे पण पी-६००! पोऱ्यांनी वाचलं तर चिडतील. पण याच कल्पनेवर, म्हणजे कानाला आणि डोळ्याला सारखी वाटणारी नावं कॉम्प्युटरनं शोधायची, अमेरिकेच्या एफडीएकडं, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याकडं, पोका नावाचं सॉफ्टवेअर आहे, नवीन ब्रँडचं नाव आधी त्यातनं जातं. आपल्याकडं २०१९ पासनं कंपनीनं स्वतःच लिहून द्यायचं की आम्ही शोधलं, आमच्या नावासारखं दुसरं नाव बाजारात नाही. लग्नाच्या बायोडाट्यात मुलगा निर्व्यसनी लिहितात तसलंच हे, लिहिणारा पण तोच आणि तपासणारा पण तोच.

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. २०१६ ला डॉक्टरांच्या नियमात आलं की औषध जेनेरिक नावानं, म्हणजे कंटेंटच्या नावानं, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा. २०१८ पासनं स्ट्रिपवर जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा निदान दोन साईजनं मोठं पाहिजे, हा नियम आहे, पण तीन किंवा जास्त औषधं मिसळलेल्या गोळीला तो लागू नाही आणि नेमका गोंधळ तिथंच. १ ऑगस्ट २०२३ पासनं तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड आला, त्यात जेनेरिक नाव, ब्रँड, कंपनी, बॅच, तारखा, लायसन्स नंबर सगळं आहे. एवढं सगळं भरलंय तर त्यात अजून सात अक्षरं घालायला काय अडचण आहे मला खरंच कळत नाही. युरोपात डॉक्टरांसाठीच्या माहितीपत्रकात एटीसी कोड छापलेलाच असतो, म्हणजे हे काही नवीन शोधायचं नाही, कोड तयार आहेत, यादी ओस्लोच्या वेबसाईटवर कुणालाही फुकट बघता येते.

तर मागणी एवढीच. एक म्हणजे त्या क्यूआर कोडमध्ये आणि जमलं तर स्ट्रिपच्या मागं कंटेंटच्या शेजारी एटीसी कोड असावा, हे केंद्राच्या हातात आहे, आपले खासदार प्रश्न विचारू शकतात. दुसरं राज्याच्या हातातलं, सरकारी आणि खाजगी सगळ्या दवाखान्यांच्या डिस्चार्ज कार्डावर औषधाच्या रकान्यात आधी कंटेंट आणि मग कंसात ब्रँड, हा क्रम सक्तीचा करा. १ मे २०२४ पासनं जन्मलेल्या पोरांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा निर्णय आपल्या राज्य सरकारनं घेतला, तेव्हा पण लोक म्हणाले फॉर्म बदलावे लागतील, सॉफ्टवेअर बदलावं लागेल, बदलले की. माणसांच्या नावाचा क्रम बदलता येतो तर गोळ्यांचा का नाही.

तिसरी मागणी तुमच्याकडं. आडनावांचा तो लेख छापलात तसा पुरवणीच्या कोपऱ्यात दर आठवड्याला एका शेपटाची माहिती द्या, या आठवड्यात सार्टन, पुढच्या आठवड्यात ग्लिप्टिन, चार ओळी पुरे, आणि त्या शेपटाचे फसवे सोयरे कोण तेही. ठळक टाईपात टाका, वाचणारे साठीच्या पुढचे आहेत. पैसे नकोत, मी लिहून देतो, फक्त कुणा डॉक्टरांकडनं नजरेखालनं घालून घ्या. सुरुवात डिपिनपासनं करावी असं माझं मत आहे, कारण पायाला सूज आली म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करणारे सगळ्यात जास्त मला तिथंच दिसतात.

कळावे,
आपला वाचक,
एक मेडिकलवाला, मिरज
(नाव छापू नये ही विनंती, गिऱ्हाइकं आणि डॉक्टर दोघंही ओळखीचे आहेत.)